भूगोलाची वही

गेल्या महिन्यात माळा काढला. दारात रद्दीवाला काटा घेऊन उभा, मी शिडीवरून गठ्ठे खाली सोडत होते आणि मुलगा झेलत होता. एका गठ्ठ्यातून निळ्या पुठ्ठ्याची तीनशे पानी लाँगबुक निसटून खाली पडली. लेबलवर त्याच्याच अक्षरात : 'भूगोल – सराव. इ. १० वी'.

"ही जाऊ दे ना," तो म्हणाला.

"ही राहू दे. ही माझी आहे."

रद्दीवाल्याने काट्यावरून ती उचलून मला परत दिली. वजनात दहा-बारा रुपयांचा फरक पडला असेल त्याला.

वही मुलाची, पण पहिली चौदा पानं सोडली तर अक्षर माझं. २०२० साली तो दहावीला होता. बाकीचे सगळे पेपर झाले, उरला एकच, सोमवार २३ मार्चचा भूगोल, चाळीस गुणांचा. शनिवारी टीव्हीवर कळलं की तो पुढे ढकलला. पुढे एप्रिलमध्ये तो रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले. चिरंजीवांचं म्हणणं असं की जन्मात एकाच विषयाची इतकी तयारी झाली होती आणि नेमका तोच विषय कोणी विचारला नाही. सरावासाठी आणलेली नवीकोरी वही त्याने कोचाखाली सरकवून दिली. तिथून ती मी काढली.

दहावीच्या भूगोलात तेव्हा भारत आणि ब्राझील अशी जोडी होती. पहिल्या चौदा पानांवर तेच आहे. नदीप्रणाली, लोकसंख्या, वाहतूक. 'फरक स्पष्ट करा'. 'भौगोलिक कारणे लिहा : ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मानवी वस्ती विरळ आहे.' त्याखाली चार ओळींचं उत्तर आणि पेन्सिलने रंगवलेला ब्राझीलचा नकाशा. पान उलटलं की एकदम माझं अक्षर सुरू होतं :

'बुधवार, २५ मार्च. पाडवा. गाठी मिळाल्या नाहीत. खडीसाखरेची पुडी बांधली. कडुनिंब गेटजवळच्या झाडाचा. गेटला कुलूप.'

आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचं सांगितलं आणि साडेआठला मी वाण्याकडे रांगेत होते. काय आणलं? काडेपेट्या. आजही घरात त्यातल्या दोन आहेत. पाडव्याला सासूबाईंनी रीतीप्रमाणे पंचांग उघडून संवत्सराचं फळ वाचलं. शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे माझ्या तोंडून निघून गेलं, "शर्वरी म्हणजे रात्र." सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि पंचांग मिटलं. संवत्सरांची साठ नावं ठरल्या क्रमाने येतात, त्यात कुणाला काही सुचवायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी ते मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तेव्हा असल्या गोष्टींना फार जोर होता.

ठरवलं असं की या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत रोज अर्धं पान लिहायचं. जास्त नाही, कमी नाही. रात्रीची भांडी झाली की ओटा पुसायचा आणि तिथेच उभ्याने लिहायचं. म्हणून बहुतेक पानांच्या उजव्या कोपऱ्यात ओल्या बोटांचा फुगवटा आहे. वर्षभराचा नेम म्हटला होता खरा, पण त्या वर्षी अधिक अश्विन आला आणि वर्ष तेरा महिन्यांचं झालं. पुढचा पाडवा उजाडला १३ एप्रिल २०२१ ला. पहिला नि शेवटचा धरून तीनशे पंच्याऐंशी दिवस. एकही सुटलेला नाही. याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. कुठे विषय निघाला की मी सांगायचे, "मी लॉकडाउनभर रोज डायरी लिहिली, एक दिवस चुकवला नाही." लोक "वा!" म्हणायचे. वाचायला कोणी मागितली नाही आणि मीही उघडली नव्हती.

माळा तसाच अर्धा सोडून त्या दुपारी मी वाचायला बसले.

पहिल्या महिन्यात काय उत्साह! दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं, भाजी मिठाच्या पाण्यात, वर्तमानपत्र दोन दिवस बाल्कनीत उन्हात. २२ मार्चच्या थाळ्यांचं वर्णन पाडव्यानंतर आठवून लिहिलंय, त्यात सासूबाईंनी पितळी पळीने ताम्हन वाजवलं तेव्हा पडलेल्या पोच्याचाही हिशेब आहे. ५ एप्रिलचे दिवे, नऊ वाजता नऊ मिनिटं. समोरच्या इमारतीत कोणीतरी फटाके लावले त्याचा राग. शब्दांवर माझं प्रेम असल्यामुळे नवीन शब्दांची एक यादीच आहे : विलगीकरण, प्रतिबंधित क्षेत्र, सामाजिक अंतर. 'सामाजिक अंतर' या शब्दापुढे मी लिहिलंय, 'भयंकर भाषांतर. शारीरिक म्हणायचंय यांना. सामाजिक अंतर आपल्याकडे आधीपासून आहेच.' वाचून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाच-सात मिनिटं टिकलं.

कारण पुढे ८ मे. शुक्रवार.

'पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते. भाकऱ्यांचा फोटो बघवत नाही. — देवगडची पेटी आली सोसायटीत थेट. पाच डझन. चार आंबे डागी निघाले.'

मध्ये फक्त एक आडवी रेघ आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्ही त्याच रात्री, त्याच ओट्यावर, एकाच पेनाने लिहिलेली. अर्ध्या पानाचा नेम होता ना, जागा भरायची होती. ती रेघ मी बराच वेळ बघत बसले.

पुढचं भराभर उलटलं. ३ जूनचं निसर्ग वादळ, सोसायटीतला गुलमोहर पार्किंगमधल्या दोन गाड्यांवर. दरवर्षी पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, त्या वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि सासूबाई दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. जुलैच्या शेवटी मुलाचा निकाल, त्यात न दिलेल्या भूगोलाचे छत्तीस. मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर उभा करून मी सहावीला शिकवायचे, एकदा 'कर्तरी-कर्मणी' चालू असताना मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि एक मुलगा म्हणाला, "टीचर, डाळ झाली."

आकड्यांचं मात्र थांबून सांगायला हवं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीच्या वर लाल पेनाने आकडे आहेत. पुण्याचे, महाराष्ट्राचे, देशाचे. जूनपासून त्यात ब्राझील आलं. ते मुलाचं काम. तो येऊन माझ्या वहीत लिहून जायचा, जणू त्याचा राहिलेला पेपर चालूच होता. 'भारत आणि ब्राझील : फरक स्पष्ट करा.' ७ सप्टेंबरला भारताने ब्राझीलला मागे टाकलं, बेचाळीस लाखांच्या वर, जगात दुसरा. त्याने तिथे बाण काढून लिहिलंय, 'आपण पुढे'. सोळा वर्षांच्या मुलाचा विनोद. मी त्या दिवशी हसले होते की रागावले होते ते लिहिलेलं नाही.

११ सप्टेंबरला आकडे बंद. त्या दिवशी यांचा रिपोर्ट आला. पुढचे सतरा दिवस लाल पेनाने फक्त दोनच आकडे आहेत, ताप आणि ऑक्सिजन. १००.८, ९५. १०१.२, ९४. ९४. ९३?? पुन्हा ९५. प्रश्नचिन्हं दोन आहेत कारण बोट गार असलं की यंत्र कमी दाखवतं असं कोणीतरी सांगितलं होतं आणि मी त्यांना हात चोळून पुन्हा बघायला लावलं होतं. बेडरूमच्या दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ताट. घरात ते एक ताट वेगळं घासायचं. सतराव्या दिवशी ते बाहेर आले, दाढी वाढलेली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. अधिक महिना सुरू होता, जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे म्हणून माझ्या आईने कुरिअरने पाठवले होते. त्यांचा भुगा झाला होता. यांनी तो दुधात घालून खाल्ला. नंतरच्या पानांवर आकडे परत कधी आले नाहीत, मुलानेही विचारलं नाही.

हे सगळं वाचून होईपर्यंत संध्याकाळ झाली. दिवा लावला आणि मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. पेन्सिल घेऊन मी शब्द मोजायला लागले. सहामाहीचे निबंध तपासताना मी मुलांचे असेच पकडते, एकाच निबंधात 'निसर्गरम्य' सात वेळा. माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत 'भांडी' हा शब्द एकसष्ट वेळा आहे. 'भांडी संपत नाहीत.' 'चौघांची एवढी भांडी?' 'आज भांड्यांवरून वाद. हे म्हणाले, मी घासतो, मग कढई तशीच ठेवली.' 'तारेच्या घासणीने बोट कापलं.' 'हाताला भेगा, व्हॅसलीन.'

आणि 'मावशी' हा शब्द? तीनशे पंच्याऐंशी दिवसांत पाच वेळा.

मावशी आमच्याकडे तेव्हा बारा वर्षं येत होत्या, धुणं-भांडी आणि केर-फरशी. राहायला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, आमच्या सोसायटीपासून चालत वीस मिनिटं. २१ मार्चच्या शनिवारी येऊन गेल्या, त्यानंतर थेट नोव्हेंबरात. ते पाचही उल्लेख मी इथे लिहिते :

१ एप्रिल : 'मावशींचा पगार ऑनलाइन पाठवला, त्यांच्या मुलाच्या खात्यात.'

३ मे : 'मावशींचा पगार पाठवला.'

२२ जून : 'सोसायटीची मीटिंग झूमवर. कामवाल्या मावशींना अजून गेटच्या आत घ्यायचं नाही असं ठरलं.' यात मी काय बोलले ते लिहिलेलं नाही. बोलले नसणार. बोलले असते तर लिहिलं असतं.

३ जुलै : 'मावशींशी बोलले. या महिन्यापासून अर्धा. त्यांनाही पटलं.'

१८ नोव्हेंबर : 'मावशी आल्या. हुश्श! डब्यात चिवडा दिला.'

झालं. संपल्या मावशी.

अर्ध्या पगाराचं माझं कारण होतं. मी नोकरी करते त्या संस्थेने जूनपासून आमचाच पगार निम्म्यावर आणला होता. त्याबद्दल वहीत साडेतीन पानं आहेत, चांगली तिखट. माझा पगार अर्धा झाला तेव्हा मला पटलं असं कुठेही लिहिलेलं नाही.

डब्याचंही सांगते. शेवटच्या शनिवारी त्यांनी सासूबाईंसाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती, हातभर उंचीचाही नाही असा छोटा स्टीलचा डबा. चटणी आठवड्यात संपली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून तो रॅकवर राहिला. आठ महिने. रोज मी तिथली भांडी काढत-लावत होते, तो डबा इकडचा तिकडे सरकवत होते, दोनदा धूळ बसली म्हणून घासलाही. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, '… हिच्या लग्नात मामाकडून, १९९६'. ते मी वाचलं १८ नोव्हेंबरला, चिवडा भरताना. बारा वर्षं आणि वर आठ महिने झाल्यावर मला त्यांचं नाव कळलं ते असं. त्या दिवशीच्या अर्ध्या पानात हुश्श आहे, चिवडा आहे, नाव नाही. (इथेही देत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "नको बाई, तसलं मोबाइलवर.")

मावशी अजून येतात. आता फक्त भांडी, गुडघे दुखतात म्हणून फरशीला दुसरी मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा वही ओट्यावरच होती. कशाला सांगायचं, असं एक मन म्हणत होतं. पण मी चहा टाकला, त्यांना स्टूल दिलं आणि ते पाचही उल्लेख वाचून दाखवले. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

"एवढंच व्हय? मला वाटलं काय लिवलंय."

मी म्हटलं, "मावशी, हे 'त्यांनाही पटलं' लिहिलंय मी…"

"पटायचं काय त्यात ताई? तुमी इचारलं, मी हो म्हणलं." चहा बशीत ओतला. "त्या दिवशी मीच फोन लावनार होते तुमाला. दोन हजार उचल पायजे होती. पोरगी पहिल्या बाळंतपनाला आलेली, दिवस भरत आलेले. तेवढ्यात तुमचाच आला. तुमचं ऐकून घेतलं न् ठेवला."

"मग?"

"मग काय. बचत गटातनं काढले."

मी गप्प. त्यांना मात्र गप्पांची लहर आली होती. त्यांचं वर्ष माझ्यासारखं तारखांनी चालत नव्हतं. 'मार्केट यार्ड बंद झालं तवा', 'फुकट तांदूळ सुरू झाला तवा', 'पत्रे ठोकले तवा', 'पत्रे काढले तवा'. नवरा मार्केट यार्डात हमाल, तो घरी. रेशनवर माणशी पाच किलो मिळायचे, "तांदूळच तांदूळ, भाकरी खानारी मानसं आमी, भातानं पोटच भरंना." संडास चाळीस घरांना मिळून, त्यामुळे लांब राहा म्हणून भोंगा लावून गाडी फिरायची तेव्हा सगळी गल्ली रांगेतच उभी असायची. सांगताना पुन्हा हसल्या. माझ्या वहीतल्या सामाजिक अंतराच्या शेऱ्याची मला आठवण झाली. तो काही मी त्यांना वाचून दाखवला नाही.

मग त्यांनी एकदम विचारलं, "तेरा जुलैचं काय लिवलंय बगा बरं."

आख्ख्या वर्षातली ही एकच तारीख त्यांना आकड्यानिशी ठाऊक होती. मी पान काढलं. त्या मध्यरात्रीपासून पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा लॉकडाउन लागणार होता.

"वाचा की."

"'सोमवार. उद्यापासून परत बंद. मंडईत झुंबड, हे जाऊन आले. कोथिंबीर तीन जुड्या, दोन सडक्या. फ्लॉवर. भांडी रात्री अकराला झाली.'"

"त्याच रात्री नात झाली मला," मावशी म्हणाल्या. "गल्लीला पत्रे. दुखाय लागलं तवा ह्यांनी न् शेजारच्यानं कोपऱ्यातला पत्रा उचकटला न् तिला वाकवून भायेर काढलं. म्याक्सीची बाही फाटली तिची, टरकन. रिक्षा पुलावर. दोन दवाखान्यांनी टेस्ट न्हाई म्हनून मागं लावलं, तिसऱ्यानं घेतलं. साडेअकराला पोरगी झाली. तुमची भांडी आटपली तवाच की," आणि बशी विसळायला उठल्या.

एप्रिल २०२१ च्या शेवटच्या पानावर मी काहीतरी मोठं लिहिलं असेल, अशी माझी समजूत होती. वर्षाचा नेम पुरा झाला होता, काहीतरी समारोप केला असणार. पान काढून बघितलं. '१३ एप्रिल. पाडवा. गाठी मिळाल्या. शके १९४३, प्लव नाम. रात्री मुख्यमंत्र्यांचं भाषण. उद्या रात्री आठपासून पुन्हा निर्बंध. मावशींना उद्या सांगायचं, येऊ नका.' मोजताना हा सहावा उल्लेख माझ्या नजरेतून सुटला होता. त्यापुढे कोरी पानं, नव्वदेक.

मावशींनी भांडी उपडी घातली, हात पुसले आणि निघता निघता वहीकडे बोट केलं.

"त्या मागच्या कोऱ्या पानांचं काय करनार?"

"काही नाही. का?"

"नात पयलीत गेलीय. काय द्या, पुरत न्हाई तिला."

लाँगबुक जुड्यांची शिवलेली असते. मी कात्रीने दोरा कापून मागच्या जुड्या सोडवल्या. त्यातली पहिली निघाली ती पाडव्याच्या पानासकट, एका बाजूला माझं अक्षर, मागची बाजू कोरी. ते पान सोडवायला मी कात्री पुन्हा उचलली तर मावशींनी जुडी हातातून घेतली.

"ऱ्हाऊ द्या. पाठकोरं चालतं तिला. लिवलेल्यावर पन ती चित्रं काढती."

आणि गुंडाळी करून पिशवीत घातली.